अंगठ्याला आलेलं उत्तर

श्रीगोंदा तालुका उसाचा आणि लिंबाचा. ऊस खुरपण्यात, लिंबं तोडण्यात, शेणामातीत ज्यांची वर्षं गेली, त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात. महिन्याचं धान्य घ्यायचं तर मात्र याच बोटांनी रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर थम द्यावा लागतो. थम लागला की पावती निघते. नाही लागला तर दुकानदाराच्या तोंडून दोनपैकी एक वाक्य ऐकू येतं: ‘थम लागत नाही’ किंवा ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’. अंत्योदय कार्डावरचं ३५ किलो धान्य असो की प्राधान्य कुटुंबाचं माणशी ५ किलो, ते या वाक्यापाशी अडतं. ही वाक्यं दुकानदार मनाने बोलत नाही. लांबच्या एका यंत्राने दिलेलं उत्तर बऱ्याच हातांतून फिरून त्याच्यापर्यंत आलेलं असतं. ते उत्तर कसं बांधलं जातं, कसं उलगडलं जातं आणि वाटेत त्यातलं काय गळतं, ते जरा सावकाश पाहू.

पॉस मशीनला स्वतःला फारसं काही ठाऊक नसतं. ते बोटाचा ठसा घेतं, तो कुलूपबंद करतं आणि पुढे पाठवतं. राज्याच्या पुरवठा यंत्रणेचा सर्व्हर तो घेतो, परवाना असलेल्या मधल्या दुव्यातून तो आधारच्या केंद्रीय साठ्याकडे जातो. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिला आधार क्रमांक दिला गेला, तेव्हापासून भरत आलेला हाच साठा. त्याची केंद्रं बेंगळुरू आणि मानेसर इथे आहेत. तिथला प्रोग्रॅम ठसा ताडून पाहतो आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर आल्या वाटेने परत पाठवतो. म्हणजे श्रीगोंद्यातल्या यंत्राने एक काम सांगितलं, ते शेकडो किलोमीटरवर झालं, आणि निकाल जणू इथेच तयार झाला असावा तसा पडद्यावर आला. या पद्धतीला रिमोट प्रोसीजर कॉल किंवा थोडक्यात आरपीसी म्हणतात. अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत ती प्रत्यक्ष बांधून दाखवली आणि १९८४ साली त्यावरचा निबंध छापला. चाळीस वर्षांनीही त्यातल्या मूळ अडचणी तशाच उभ्या आहेत.

पहिली अडचण बांधणीची. एकाच यंत्रात प्रोग्रॅमचा एक भाग दुसऱ्याला उत्तर देतो तेव्हा काही पाठवावं लागत नाही. उत्तर मेमरीत अमुक जागी आहे, एवढं सांगितलं की झालं. तारेवरून मात्र जागेचा पत्ता पाठवून उपयोग नसतो, कारण ती मेमरी पलीकडच्या यंत्रात नाही. म्हणून उत्तरातली प्रत्येक गोष्ट उलगडून बाइटांच्या एका सरळ रांगेत मांडावी लागते. पलीकडे ती रांग वाचून उत्तर पुन्हा उभं करायचं. या मांडणीला सिरियलायझेशन म्हणतात.

समजा उत्तरात ३०० हा आकडा पाठवायचा आहे. सन मायक्रोसिस्टिम्सच्या एक्सडीआर या मांडणीत, जिचा जाहीर मसुदा १९८७ चा आहे, पूर्णांकाला चार बाइट ठरलेले आहेत आणि मोठा भाग आधी: ०, ०, १, ४४. यातला १ म्हणजे २५६, त्यात ४४ मिळवले की ३००. पण वाचणाऱ्या यंत्राने लहान भाग आधी धरून हेच चार बाइट वाचले, तर आकडा होतो ७३,८२,६३,०४०. बाइट सगळे सुखरूप पोचले, एकही हरवला नाही, आणि अर्थ साफ बिघडला. म्हणून कोणता बाइट आधी, हे दोन्ही बाजूंनी आधीच कबूल केलेलं असावं लागतं.

शब्दांचंही तसंच. ‘श्रीगोंदा’ हा शब्द युनिकोडमध्ये नऊ खुणांचा: श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, ग, ओकार, अनुस्वार, द, काना. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, म्हणजे एकूण २७. एक्सडीआर सगळं चारच्या पटीत ठेवते, म्हणून आधी लांबीचे चार बाइट, मग हे २७, मग एक रिकामा, झाले ३२. जेसन या मजकुरी मांडणीत हाच शब्द आकड्यांच्या खुणांत लिहिला, तर प्रत्येक खुणेला सहा अक्षरं लागून ५४ होतात. गूगलच्या जीआरपीसी या आरपीसी पद्धतीत चूक कळवणारा मजकूर ज्या शीर्षपट्टीतून जातो तिथे देवनागरी सरळ चालत नाही. दर बाइटाची तीन अक्षरं करावी लागतात आणि ‘श्रीगोंदा’ ८१ अक्षरांचा होतो. चूक कळवणारं मराठी वाक्य तारेवरून पाठवू नये, चूक सांगणारा क्रमांक पाठवावा आणि वाक्य दुकानातल्या यंत्रावर तयार करावं, असं मला वाटतं त्यामागे बाइटांची बचत हे एक कारण आहे, पण ते लहान कारण. मोठं कारण असं की क्रमांक पाहून यंत्राला पुढचं पाऊल ठरवता येतं, वाक्य वाचून येत नाही.

उत्तर बांधणं त्यामानाने सोपं, कारण ते कसं दिसणार हे आधीच ठाऊक असतं. खरी कसरत चूक बांधण्याची असते. प्रोग्रॅम चालता चालता अडला की तो ज्या भाषेत लिहिला आहे त्या भाषेतली एक वस्तू तयार करतो, जिला एक्सेप्शन म्हणतात. तिच्यात कुठल्या ओळीवर अडलं, तिथे कोण कोणाकडून पोचलं, अशी घरातली बरीच माहिती असते. ती जशीच्या तशी पाठवता येत नाही. एक बाजू जावात आणि दुसरी सीमध्ये असेल तर ती वस्तू पलीकडे कोणाला ओळखताच येणार नाही. ओळखता आली तरी पाठवू नये, कारण सर्व्हरच्या आतली रचना बाहेर जाणं धोक्याचं. म्हणून झालेल्या चुकीचं सार काढावं लागतं: एक ठरलेला क्रमांक, एक छोटं वाक्य, आणि लागलाच तर थोडा जास्तीचा तपशील. २०१० च्या जेसन-आरपीसी २.० ने नेमके हेच तीन रकाने ठेवले आणि एक कडक नियम घातला: उत्तरात ‘रिझल्ट’ असेल किंवा ‘एरर’ असेल, दोन्ही कधीच नाहीत. या नियमामुळे वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही.

चूक कुठल्या थरावर झाली, हेही त्या रांगेत दिसायला हवं, आणि इथे सनच्या जुन्या आरपीसीची रचना मला आजही फार आवडते. तिच्या उत्तरात सुरुवातीला विनंतीचाच क्रमांक परत येतो, म्हणजे हे कोणत्या प्रश्नाचं उत्तर ते कळतं. मग पहिला निवाडा: विनंती स्वीकारली की नाकारली. नाकारली तर कारण दोनच, एकतर आरपीसीची आवृत्ती जुळत नाही किंवा विचारणाऱ्याची ओळख पटत नाही. स्वीकारली तर दुसरा निवाडा: काम झालं, असा प्रोग्रॅम इथे नाही, त्याची ही आवृत्ती नाही, असं काम त्यात नाही, पाठवलेली माहिती वाचता आली नाही, किंवा सर्व्हरच्या आत काही बिघडलं. आणि ‘काम झालं’ याच्याही आत प्रोग्रॅमचा स्वतःचा निकाल वेगळा असतो. त्यावर चालणाऱ्या, दुसऱ्या यंत्रावरच्या फाइली वापरू देणाऱ्या एनएफएसमध्ये मागितलेली फाइलच नसेल, तर आरपीसीच्या दृष्टीने उत्तर यशस्वी असतं आणि त्याच्या पोटात ‘फाइल नाही’ हा क्रमांक असतो. निरोप पोचला का आणि निरोपाला नकार मिळाला का, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत.

आता श्रीगोंद्याच्या दुकानात परत येऊ. आधारच्या साठ्याकडून येणारं उत्तर एक्सएमएलमध्ये असतं. त्यात एका रकान्यात ‘वाय’ किंवा ‘एन’ असतं, विनंतीचा क्रमांक तसाच परत येतो, वेळ असते, आणि उत्तर ‘एन’ असेल तर चूक सांगणारा क्रमांक असतो. यातला ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे कार्डधारकाने स्वतःच आपलं बायोमेट्रिक कुलूपबंद केलेलं आहे. ८११ म्हणजे त्या आधार क्रमांकाखाली साठ्यात ठसेच नाहीत. ९९८ म्हणजे आधार क्रमांकच चुकीचा. ही झाली माणसाशी जोडलेली कारणं. पाचशेच्या घरातल्या क्रमांकांचा त्या माणसाशी काही संबंध नाही. ५०२ म्हणजे ठशाचा कुलूपबंद भाग नीट कुलूपबंद झालेला नाही. ५१० म्हणजे विनंतीची मांडणीच चुकली. ५६१ म्हणजे विनंती शिळी झाली आणि ५६२ म्हणजे विनंतीवरची वेळ पुढची आहे. बहुधा यंत्राचं घड्याळ चुकलेलं. ५६५ म्हणजे विचारणाऱ्या संस्थेचा परवाना संपला. शेवटी ९९९, कारण अज्ञात.

३०० आला तर बोट पुसून, दुसरं बोट देऊन पाहण्यात अर्थ आहे. ८११ आला तर दहाही बोटं दिली तरी काही होणार नाही. आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने द्यावे लागतील. ५६२ आला तर कार्डधारक बाईने पुन्हा पुन्हा बोट दाबणं हा तिच्यावरचा अन्याय आहे. चूक यंत्राच्या घड्याळात आहे. आधारच्या मसुद्यात याच्याही पुढचा विचार आहे: चूक सांगणाऱ्या क्रमांकाबरोबर ‘आता काय करावं’ याचा संकेत पाठवायला एक वेगळा रकाना ठेवला आहे, आणि तो संकेत समोरच्या माणसाला दाखवावा असं त्यात म्हटलं आहे. कोणी तरी विचार करून ही सोय केली.

मग ती दुकानापर्यंत का पोचू नये? कारण साखळीतला प्रत्येक सर्व्हर मागून आलेलं उत्तर उलगडतो आणि आपल्या मांडणीत नव्याने बांधतो. बांधताना जर प्रोग्रॅमरने एवढंच लिहिलं असेल की ‘वाय नसेल तर अपयश’, तर ३००, ८११ आणि ५६२ यांचा एकच गोळा होतो. पुढच्या सर्व्हरने तोच गोळा ‘सर्व्हर एरर’ म्हणून बांधला, तर ठसा न जुळणं आणि तार तुटणं यांतला फरकही गेला. असं लिहिणारा वाईट माणूस असतो असं नाही. यशाची वाट आधी लिहून होते, तपासून होते; नकाराच्या वाटा अनेक असतात आणि त्या शेवटी उरलेल्या वेळात लिहिल्या जातात. पण धान्य न मिळालेल्या माणसाला भेटतात त्या याच वाटा.

आणखी एक प्रकार सगळ्यांत अवघड: उत्तरच आलं नाही. गावातून कोणाबरोबर दौंडला निरोप पाठवला आणि तो माणूस परतलाच नाही, तर निरोप पोचला नाही की पोचून परतताना तो अडकला, हे घरबसल्या कळत नाही. बिरेल आणि नेल्सन यांनी याला स्वतंत्र चूक मानलं. त्यांच्या पद्धतीत उत्तर आलं तर काम नेमकं एकदाच झालं याची हमी होती; ‘कॉल फसला’ असं कळलं तर काम एकदा झालं असेल किंवा मुळीच झालं नसेल, यांतलं कुठलं ते सांगता येत नव्हतं. ठसा ताडण्याच्या कामात ही शंका चालून जाते, कारण ताडल्याने काही बदलत नाही. नव्याने थम द्यावा. जुनीच विनंती जशीच्या तशी पुन्हा पाठवली तर मात्र साठा ५६३ हा क्रमांक देऊन ती नाकारतो, कारण चोरलेला ठसा कोणी पुन्हा वापरत नाही ना, हे त्याला पाहायचं असतं.

धान्य दिल्याची नोंद मात्र वेगळी. ती दुकानातल्या धान्याचा साठा कमी करते. नोंद झाली, उत्तर वाटेत हरवलं, पावती निघाली नाही, आणि दुकानदाराने पुन्हा प्रयत्न केला, तर एकतर नोंद दोनदा होईल किंवा ‘या महिन्याचं धान्य आधीच उचललं आहे’ असा नकार येईल. यावरचा उपाय जुना आणि पक्का आहे. प्रत्येक व्यवहाराला यंत्रानेच आधी एक क्रमांक द्यायचा, पुन्हा पाठवताना तोच ठेवायचा, आणि सर्व्हरने झालेल्या कामाचं बांधलेलं उत्तर जपून ठेवायचं. तोच क्रमांक पुन्हा दिसला की काम न करता जुनं उत्तर पाठवायचं. एनएफएसचे सर्व्हर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून असं करत आले आहेत. पैशांच्या व्यवहारात तर ही अनिश्चितता नियमांतच धरलेली आहे: यूपीआयवरून दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून गेले पण त्याला खात्री मिळाली नाही, तर पाच दिवसांत ते आपोआप परत यावेत, नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरवून दिलं.

पुन्हा पाठवायचं की नाही, हेही क्रमांकावरून ठरवता येतं. जीआरपीसीने चुकांचे १६ क्रमांक ठरवले आणि शून्य यशासाठी ठेवला. त्यात ३ म्हणजे विनंतीच चुकीची, पुन्हा पाठवून उपयोग नाही. १४ म्हणजे सेवा सध्या उपलब्ध नाही, थोडं थांबून पुन्हा पाहा. ४ म्हणजे मुदत उलटली. काम झालेलंही असू शकतं. शिवाय हा क्रमांक उत्तराच्या आरंभी न ठेवता शेवटी ठेवला आहे, कारण लांबलचक उत्तर अर्धं पाठवून झाल्यावरही सर्व्हर अडू शकतो, आणि आरंभी ‘सगळं ठीक’ लिहून बसल्यावर ते खोडता येत नाही.

रेशनच्या बाबतीत यंत्राच्या नकारावर माणसाचा नियम आहे. केंद्राच्या अन्न विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना कळवलं की आधार नाही, किंवा नेटवर्क, जोडणी, बोटाचा ठसा यांची अडचण आली, एवढ्यावरून खऱ्या लाभार्थ्याला धान्य नाकारू नये. कार्ड पाहून द्यावं आणि त्याची वेगळी नोंद ठेवावी. ही नोंद लिहायची तर कारण लागतं. पडद्यावर ‘३००, ठसा जुळला नाही’ किंवा ‘५६२, यंत्राची वेळ तपासा’ असं आलं, तर दुकानदार ते कारण लिहून धान्य मोजू शकतो आणि तहसील कचेरीतली पुरवठा शाखा महिनाअखेरीस पाहू शकते की अडचण कार्डधारकाच्या बोटात होती की दुकानातल्या यंत्रात.