दोन चाळण्या: फ्लेमिंगो आणि व्हेल शार्क

थंडीत दुबईच्या रास अल खोरला फ्लेमिंगो पाहायला आपल्यापैकी बरेच जण जातात. मागे बुर्ज खलिफा, पुढे गुलाबी थवा. फोटो छानच येतो. पण पुढच्या वेळी त्याची चोच नीट बघा. डोकं पालथं घालून तो ती उलटीच पाण्यात बुडवतो आणि जाड जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागेपुढे करत पाणी आत-बाहेर खेळवतो. चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. त्यांत छोटे जलजीव आणि शेवाळ अडकतं. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की चिली फ्लेमिंगो चोचीने आणि पायांनी पाण्यात भोवरे तयार करून भक्ष्य गोळा करतात. म्हणजे चाळणीबरोबर रवीसुद्धा!

याच आखातात उन्हाळ्यात दुसरी चाळणी फिरते: व्हेल शार्क. नावात व्हेल असला तरी हा मासाच, जगातला सर्वांत मोठा. तोंडात हजारो दात, पण इवलेसे आणि खाताना जवळपास निरुपयोगी. कतारच्या अल शाहीन तेलक्षेत्रात ट्युनाची अंडी खायला हे शार्क मोठ्या संख्येने जमतात. तोंड उघडायचं आणि पृष्ठभागालगत पोहत राहायचं, बस्स. सहा मीटर लांबीच्या शार्कच्या तोंडातून तासाला सुमारे ६०० घनमीटर पाणी जातं, असा अंदाज आहे. दहा हजार लिटरचे साठ टँकर!

मग ही चाळणी तुंबत कशी नाही? आपली चहाची गाळणी तर चार कपांत तुंबते. शार्कच्या तोंडात पाणी जाळीवर सरळ आदळत नाही, तिला घासून पुढे सरकतं. कण घशाकडे वाहत जातात, पाणी कल्ल्यांतून बाहेर पडतं. तरीही काही अडकलंच, तर तो चक्क खोकतो. फ्लेमिंगोच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. ते अन्न घशाकडे ढकलतात.

रास अल खोर २००७ पासून रामसर स्थळ आहे. अबू धाबीच्या अल वथबालाही संरक्षण आहे. शार्कला कुंपण कुठे घालणार? २०१६ पासून तो आययूसीएनच्या यादीत 'संकटग्रस्त' आहे. पृष्ठभागालगत चरण्याची सवय त्याला थेट जहाजांच्या वाटेत आणते. २०२२ च्या एका जागतिक अभ्यासात त्याच्या वावराच्या ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्रात मोठ्या जहाजांची ये-जा आढळली. जास्त धोक्याच्या भागांत आपलं आखातही होतं. आणि मेलेला व्हेल शार्क तरंगत नाही, बुडतो. त्यामुळे जहाजाखाली किती सापडले, याची मोजदाद होत नाही.