पहिली कादंबरी छापून झाल्यावर

भारतात पुस्तक प्रसिद्ध झालं, की १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकानं ३० दिवसांच्या आत त्याच्या प्रती चार ग्रंथालयांकडे पाठवायच्या असतात. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमरा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय ही ती चार. नवा कादंबरीकार पहिल्या वाचकाच्या पत्राची वाट पाहत असतो, तेव्हा त्याचं पुस्तक चार महानगरांत मुक्कामाला पोचलेलंही असू शकतं. मला याचं फार अप्रूप वाटतं. पुस्तकाचं आयुष्य सुरू झालेलं असतं, आणि लेखकाला मात्र सगळीकडे सामसूम वाटत असते.

ही सामसूम खरी किती, हा प्रश्न मला कुवेतमधल्या खैरानबद्दल वाचताना पडला. कुवेतच्या दक्षिणेला, सौदी सीमेच्या अलीकडे, खारवट ओसाड जमिनीत कालवे खणून तिथं समुद्र आत आणला आहे. काठावर घरं आहेत, होड्या आहेत. सबाह अल-अहमद सागरनगरी हे त्या वसाहतीचं नाव. खणणाऱ्यांनी पाण्याला वाट दिली आणि भरती-ओहोटीच्या हिशेबानं ते खेळतं राहील अशी आखणी केली. मासे, शिंपले, खेकडे यांतले बहुतेक जीव भरतीबरोबर आपणहून आले. शास्त्रज्ञ नोंदी करत राहिले आणि यादी लांबत गेली. पहिली कादंबरीही अशीच खणलेली वाट असते. आत कोण वस्तीला येईल हे लेखकाच्या हाती नसतं, आणि ते येत असतात तेव्हा त्याला दिसतही नाही.

त्याच कुवेतचे सौद अल-सनौसी. जन्म १९८१ चा. ‘सिज्न अल-मराया’ ही त्यांची पहिली कादंबरी २०१० मध्ये आली आणि लेखिका लैला अल-उस्मान यांच्या नावाचा पुरस्कार तिला मिळाला. दोनच वर्षांनी ‘साक अल-बांबू’ आली. फिलिपिनो मोलकरीण आणि कुवेती घरातला मुलगा, यांच्या पोटी जन्मलेल्या होसेची ही गोष्ट. २०१३ मध्ये तिला अरबी कादंबरीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण मला थक्क करते ती तिची सुरुवातीची पानं. पुस्तक उघडलं की आत आणखी एक शीर्षकपान लागतं. त्यावर लेखक म्हणून होसे मेंडोझाचं नाव आहे आणि अरबी अनुवादक म्हणून इब्राहिम सलामचं. दोघेही कादंबरीतलीच पात्रं! पहिलं पुस्तक लिहिताना लेखकाला कुणी ओळखत नसतं. दुसरं लिहायला बसतो तेव्हा त्याचं नाव त्याच्या आधीच टेबलाशी येऊन बसलेलं असतं. सनौसींनी ते नाव उचलून बाजूला ठेवलं आणि होसेला बोलू दिलं, असं मी ते पान वाचतो. पुढची, २०१५ ची कादंबरी आली आणि तिच्यावर त्यांच्याच देशात बंदी आली. 

आपल्याकडे पहिल्या कादंबरीपासून दुसरीपर्यंतचा प्रवास सहसा इतक्या वेगानं होत नाही. भालचंद्र नेमाडे २५ वर्षांचे होते तेव्हा, १९६३ मध्ये, पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं ‘कोसला’ काढली. पुढची कादंबरी ‘बिढार’ आली १९७५ मध्ये. मधली बारा वर्षं लेखक गप्प होता असं म्हणायला जीभ रेटत नाही. नेमाडे गावोगावच्या महाविद्यालयांत इंग्रजी शिकवत होते, ‘वाचा’ हे अनियतकालिक चालवत होते, १९७० मध्ये त्यांचा ‘मेलडी’ हा कवितासंग्रह आला. आणि या काळात ‘कोसला’ आपलं आपलं वाढत होती. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृहांच्या खोल्यांतून फिरत होता, कुणाच्या तरी उशाशी रात्रभर जागा राहत होता. त्यातल्या किती जणांची नावं नेमाड्यांना कधी कळली असतील? हाताशी आलेला वाचक मोजता येतो. पुस्तक वाचून ज्याचं बोलणंच बदललं, तो कसा मोजणार?

अर्थात पोटापाण्याचं सुटत नाही. महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा वेगळा पुरस्कार आहे. पेंडशांची स्वतःची पहिली कादंबरी ‘एल्गार’, १९४९ ची. तेव्हा ते मुंबईत बीईएसटीमध्ये नोकरीला होते आणि नंतरही राहिले. ‘गारंबीचा बापू’ १९५२ ची, म्हणजे तीही नोकरी सांभाळूनच लिहिलेली. पहिल्या कादंबरीनंतर कामावर जाणं चुकत नाही, यात मला कमीपणा दिसत नाही. उलट पुढच्या पानांचं धान्य तिथेच भरलं जातं.

सगळ्यांत लांबचा पल्ला मला किरण नगरकरांचा वाटतो. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ १९७४ मध्ये मौजेनं काढली. काळाचे तुकडे मागेपुढे टाकत चालणारी ही कादंबरी मराठीत एकटीच उभी होती. मग ते जाहिरातक्षेत्रात काम करत राहिले. त्यांचं नाटक धमक्या आणि सेन्सॉर यांच्यात अडकलं. ‘रावण आणि एडी’ त्यांनी मराठीत सुरू केली होती. ती पूर्ण झाली इंग्रजीत, १९९४ मध्ये. पहिल्या कादंबरीपासून दुसरीपर्यंत वीस वर्षं! मराठीतले काही जण त्यांच्यावर रागावले, आणि मला तो राग अन्यायाचा वाटतो, कारण वीस वर्षं अडलेली वाट जिकडून मोकळी होईल तिकडून माणूस जाणारच. पुढे थांबावं लागलं नाही. ‘ककल्ड’ तीनच वर्षांत, १९९७ मध्ये आली आणि तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.