अर्धी गोळी, उपाशीपोटी, उशिरा

“पाळीत दुखण्याची गोळी घ्यायची नसते. सवय लागते. पुढं मूलबाळ व्हायला अडचण येते.” शाळेतली पालकसभा असो, लग्नघरातला बायकांचा घोळका असो की मेडिकलच्या दुकानासमोरची गर्दी, हे मला कायम ऐकू येतं. सांगणारी आई शिकलेली असते. मुलीला ताप आला तर ती लगेच पॅरासिटामॉल देते, दाढ दुखली तर त्याच दिवशी दवाखान्यात नेते. त्याच मुलीच्या ओटीपोटात महिन्याच्या महिन्याला कळा येतात, उलट्या होतात, घाम फुटतो, पाय गळून जातात, तेव्हा मात्र तिला सांगितलं जातं, “जरा कळ काढ, दोन दिवसांत थांबेल.” दहावीची सराव परीक्षा चालू असली तरीही.

पाळीबद्दलच्या गैरसमजांना आपल्याकडे तोटा नाही. पण त्यातला हा सगळ्यात जास्त दुखावणारा आहे, म्हणून आधी त्याचाच समाचार घेते.

दुखतं कशामुळे? पाळी येते तेव्हा गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं आणि त्यातून प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्यं सुटतात. ती गर्भाशयाच्या स्नायूंना आवळायला लावतात. स्नायू इतके आवळले जातात की त्यांचा रक्तपुरवठाच काही काळ कमी पडतो. बीपी तपासायचा पट्टा दंडावर फुगवून तसाच ठेवला तर हात ठणकायला लागेल, तसंच आत होतं. यातली काही द्रव्यं रक्तात मिसळतात, म्हणून मळमळ, जुलाब, डोकेदुखी, चक्कर. “पाळीत जुलाब कसे होतील, बाहेरचं काहीतरी खाल्लं असशील” असं मुलीला सुनावणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

हे काही परवाचं संशोधन नाही. व्ही. आर. पिकल्स या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९५७ मध्येच पाळीच्या स्रावात स्नायू आवळायला लावणारं द्रव्य असल्याचं दाखवलं होतं. ते प्रोस्टाग्लॅंडिनच असल्याचं पुढं स्पष्ट झालं. अ‍ॅस्पिरिनच्या कुळातली औषधं शरीरात प्रोस्टाग्लॅंडिन तयार होणंच रोखतात, हे १९७१ मध्ये जॉन वेन यांनी सिद्ध केलं. त्यासाठी त्यांना १९८२ चं नोबेल इतर दोघांबरोबर विभागून मिळालं. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, नॅप्रोक्सेन ही औषधं याच कुळातली. म्हणजे पाळीच्या दुखण्यावर ही गोळी घेतली की दुखणं नुसतं दाबलं जात नाही, दुखणं जिथून उपजतं तिथंच ते कमी होतं. दुखण्याच्या कारणावर इतकं नेमकं बोट ठेवणारं साधं, स्वस्त औषध उपलब्ध आहे आणि आपण ते मुलींपासून लपवून ठेवतो.

गुण किती येतो, अशी शंका असेल तर तिचंही उत्तर आहे. कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ८० चाचण्या आणि ५,८२० स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या साधारण १८ जणींना चांगला आराम पडला. या कुळातलं खरं औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ४५ ते ५३ होतं. सगळ्याच जणींचं दुखणं थांबलं नाही, आणि हा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढं येतेच.

आता ‘सवय’. अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामकांची सवय लागते. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड त्या जातीचं नाही. महिन्यातून दोन-तीन दिवस घेतल्यानं शरीर त्यावर अवलंबून राहत नाही. दर महिन्याला गोळी लागते, कारण दर महिन्याला पाळी येते.

‘मूल होणार नाही’ या भीतीमागे मात्र कणभर तथ्य आहे, आणि तेच वाढून धमकी झालं आहे. ही औषधं बीज बाहेर पडण्याच्या दिवसांत, म्हणजे दोन पाळ्यांच्या मधल्या काळात सलग घेतली, तर त्या महिन्यात बीज बाहेर पडायला उशीर होऊ शकतो. औषध थांबवलं की तो परिणामही जातो. गरोदरपणातही, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, ही औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. यातलं काहीही पाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत गोळी घेणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला लागू होत नाही. तिच्या गर्भाशयाला त्यानं इजा होत नाही, पुढं दिवस राहण्यात अडथळा येत नाही.

“गोळीनं घाण रक्त आत अडकून राहतं,” हेही त्याच तोंडातून ऐकू येतं. ते रक्त घाण नसतं. नेहमीचं रक्त आणि गळलेलं अस्तर, एवढंच त्यात असतं. गोळीनं स्राव थोडा कमी होऊ शकतो, कारण मुळात रक्तच कमी जातं. आत काहीही साठत नाही. उलट, आपल्या देशात रक्त कमी जाणं ही चांगली गोष्ट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुली रक्तक्षयाच्या निघाल्या.

या समजुतीचा सगळ्यात वाईट परिणाम वेगळाच आहे. गोळी अगदीच नाकारली जाते असं नाही, ती भीत भीत दिली जाते. आठवीतली मुलगी डोळ्यांसमोर आणा. रात्रीपासून कंबर भरून आलीय, सकाळी डाग दिसतो. आई ओव्याचं पाणी देते आणि शाळेत पाठवते. तिसऱ्या तासाला कळा सुरू होतात. मुलगी दप्तर पोटाशी घट्ट धरून बाकावर वाकून बसते. बाई घरी फोन करतात. दुपारी बारा-साडेबाराला, दुखणं टिपेला पोचल्यावर, आई कपाटातल्या डब्यातून पट्टी काढते, गोळीचे दोन तुकडे करते, अर्धी चहाबरोबर देते आणि उरलेली अर्धी कागदात गुंडाळून ठेवते. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. थोड्या वेळात सगळं उलटून पडतं. मग निकाल लागतो: “बघ, गोळीनंसुद्धा काही होत नाही.”

होईल कसं? प्रोस्टाग्लॅंडिन एकदा सुटलं की ते परत घेता येत नाही. गोळी नवं तयार होणं थांबवते, म्हणून ती लवकर घ्यायची असते. पाळी सुरू होताक्षणी किंवा कंबर भरून येण्यासारखी चाहूल लागताच, पाळी नियमित असेल तर आदल्या दिवशीही. काहीतरी खाऊन, पुरेशा पाण्याबरोबर. डॉक्टरांनी वजन आणि वय पाहून सांगितलेली पूर्ण मात्रा, आणि पहिले दोन-तीन दिवस ठरलेल्या अंतरानं, म्हणजे औषधानुसार साधारण सहा ते आठ तासांनी. कळ उठेपर्यंत थांबून एखादी गोळी घेणं हा उपचारच नाही. शाळेच्या दप्तरात पॅडबरोबर गोळी आणि बिस्किटाचा पुडा असावा, आणि वर्गशिक्षिकेला ते माहीत असावं.

जपायचं ते इथं जपा. अशा औषधांनी दमा उसळणाऱ्या, पोटात अल्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्या मुलींना ही औषधं चालत नाहीत. पावसाळ्यात अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर ही नकोत, पॅरासिटामॉल घ्यावं. मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अ‍ॅस्पिरिन देऊ नये. मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल (आपल्या घरांत ते ‘मेफ्टाल’ या नावानं परिचित आहे) इंडियन फार्माकोपिया कमिशननं नोव्हेंबर २०२३ मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती. ती बातमी फिरल्यावर अनेक घरांतून या गोळ्या थेट कचऱ्यात गेल्या. ती सूचना एका दुर्मीळ, पण गंभीर अ‍ॅलर्जीबद्दल होती. औषध सुरू केल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, मानेत किंवा काखेत गाठी आल्या तर औषध बंद करून लगेच डॉक्टरांकडे जायचं. औषधावर बंदी आलेली नव्हती. अशा सूचना वाचून सावध व्हावं, मुलीला पुन्हा ओव्याच्या पाण्यावर सोडू नये.

आता तो मागे ठेवलेला मुद्दा. गोळी वेळेवर, पूर्ण, खाऊन घेतली आणि तरीही मुलगी शाळेत जाऊ शकत नाही, तर? तर हे नेहमीचं दुखणं नसण्याची शक्यता आहे. नीट घेतलेली गोळी उपचार तर आहेच, ती एक तपासणीही आहे. साध्या पाळीच्या दुखण्याला बहुधा तिनं उतार पडतो. उतार पडला नाही तर पुढं शोध घ्यायला हवा. अर्धी गोळी देऊन आपण मुलीचा आराम तर हिरावतोच, हा इशाराही बुजवून टाकतो.

अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, ‘एकॉग’नं, २०१८ मध्ये किशोरवयीन मुलींच्या दुखण्याबद्दल स्वतंत्र मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. औषधोपचारानं तीन ते सहा महिन्यांत फरक पडला नाही तर दुसरं कारण शोधा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. वेदनाशामक आणि हार्मोनच्या गोळ्या दोन्हींनी उतार न पडणाऱ्या किमान दोन तृतीयांश मुलींमध्ये दुर्बिणीतून पाहिल्यावर एंडोमेट्रिओसिस सापडतो, अशी नोंदही तिथं आहे. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात १९ कोटींना, तो आहे. त्यातल्या बऱ्याच जणींना निदानासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं, आणि पुढं मूल होण्यात अडचण येते ती या आजारामुळे येऊ शकते. ज्या भीतीपोटी गोळी नाकारली, तीच भीती निदान लांबल्यानं खरी ठरू शकते. याचा मला मनापासून राग येतो.

“मलाही असंच दुखायचं, मी कुणाला सांगितलं होतं?” हे आईचं वाक्य इथं वेगळ्या अर्थानं मोलाचं आहे. एंडोमेट्रिओसिस घराण्यात चालत येऊ शकतो. आईनं जे भोगलं ते मुलीला गप्प बसवायला वापरू नये, डॉक्टरांना सांगावं.

वाट न पाहता लवकर दाखवावं अशा काही खुणा आहेत. साधं दुखणं बहुधा अगदी पहिल्या पाळीपासून नसतं. सहा महिने-वर्षभरात बीज नियमित तयार होऊ लागलं की सुरू होतं, म्हणून “आधी तर दुखत नव्हतं” यात घाबरण्यासारखं काही नाही. पहिल्याच पाळीपासून तीव्र दुखणं, दर महिन्याला वाढत जाणारं दुखणं, पाळी नसतानाही दुखणं, शौचाला किंवा लघवीला जाताना कळ, दर तास-दोन तासांनी भिजणारं पॅड: यातलं काही असेल तर थांबू नका. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या पोटात महिन्याला ठरावीक दिवशी दुखतं, पण पाळी अजून आलीच नाही, असं असेल तर रक्ताची वाट बंद असू शकते. तेही तपासायला हवं.

बाकीचे समज एकेका ओळीत. आंबट, ताक, लोणचं खाल्ल्यानं दुखणं वाढतं याला काही आधार नाही. डोक्यावरून अंघोळ केल्यानं पाळी बिघडत नाही. गरम पाण्याच्या पिशवीनं रक्तस्राव वाढत नाही. २००१ मधल्या एका चाचणीत पोटावरचा सततचा मंद शेक आयब्युप्रोफेनइतकाच उपयोगी ठरला, फक्त कातडी भाजणार नाही इतपतच गरम ठेवा. पाळीत खेळू नये हेही खोटं. आठवड्यातून तीनदा पाऊण ते एक तास व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं कमी होतं, असं कॉक्रेनच्या २०१९ च्या आढाव्यात दिसलं. ओवा, आलं, गूळ आवडीनं घ्या, पण गोळीच्या जागी नको.

“लग्न झालं की थांबेल” याला मात्र एक ओळ पुरत नाही, कारण काही डॉक्टरही ते म्हणतात. बाळंतपणानंतर काही जणींचं दुखणं कमी होतं, हे खरं. पण नववीतल्या मुलीला हे सांगणं म्हणजे तिच्या आयुष्यातली दहा-पंधरा वर्षं दुखण्याच्या नावावर लिहून टाकणं आहे. तिच्यासाठी आज उपचार आहेत. वेदनाशामक पुरे पडत नसेल तर डॉक्टर हार्मोनच्या गोळ्या सुचवतात आणि आया हादरतात: “कुमारिकेला गर्भनिरोधक?” त्या गोळ्यांनी अस्तर पातळ राहतं, प्रोस्टाग्लॅंडिन कमी तयार होतं, म्हणून दुखणं कमी होतं. बंद केल्यावर जननक्षमता परत येते. कुणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास किंवा डोळ्यांपुढे चमका येणारी अर्धशिशी असेल तर डॉक्टर दुसरा पर्याय देतात.

दवाखान्यात न्यायला टाळाटाळ होते त्याचं आणखी एक कारण आया दबक्या आवाजात सांगतात: “आतून तपासतील.” लक्षणं नेहमीची असतील तर उपचार सुरू करायला आतून तपासणी लागत नाही. मुलींची सोनोग्राफीही पोटावरूनच करतात. मुलीला आधी समजावून सांगा, काय विचारतील, काय तपासतील ते. डॉक्टरांशी तिला एकटीला बोलायचं असेल तर बाहेर थांबा. दोन-तीन महिने वहीत लिहून ठेवा: पाळीची तारीख, दुखणं कधी सुरू झालं, गोळी किती वाजता घेतली, किती वेळात आराम पडला, कोणत्या दिवशी शाळा बुडाली. ही वही डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडते.

आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून मुलगी नाटक करते असं ठरवू नका. मुलींमधला सुरुवातीचा एंडोमेट्रिओसिस सोनोग्राफीत बहुतेकदा दिसतच नाही. रिपोर्ट बघून “काहीच नाही, सहन करायला शिक” असं डॉक्टर म्हणाले, तर ती वही घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.