सहलीतील मौज आणि अभ्यास : ग्रिफिथ उद्यानाचा धडा

शैक्षणिक सहलीची आखणी करताना मौज व अभ्यास ही दोन निराळी कामे होत, असे आपण पुष्कळदा गृहीत धरतो. स्थळांची यादी लांबत जाते. परतल्यावर मुलांस मात्र झोपाळा व खाऊ एवढेच आठवते. हा दोष मुलांचा नव्हे, आखणीचा होय. या दृष्टीने अमेरिकेतील लॉस एंजेल्स शहराचे ग्रिफिथ उद्यान अभ्यासण्याजोगे आहे.

वेल्समध्ये जन्मलेले व खाणव्यवसायात संपन्न झालेले ग्रिफिथ जे. ग्रिफिथ यांनी १८९६ साली सुमारे ३,००० एकर जमीन या शहरास दान केली. आज हे उद्यान ४,००० एकरांहून मोठे आहे. तेथे प्राणिसंग्रहालय आहे, वाफेच्या जुन्या इंजिनांचे संग्रहालय आहे आणि मुलांना बसण्यासाठी छोटी आगगाडीही आहे. सामान्य माणसाने स्वतः दुर्बिणीतून आकाश पाहावे, ही ग्रिफिथ यांची इच्छा होती. १९१९ साली ते निवर्तले. त्यांनी मृत्युपत्रान्वये ठेवलेल्या निधीतून उद्यानातील टेकडीवर वेधशाळा उभी राहिली व १४ मे १९३५ रोजी ती खुली झाली. इमारतीत प्रवेशास शुल्क नाही. आकाश निरभ्र असेल त्या रात्री १२ इंची भिंगाच्या दुर्बिणीतून कोणासही चंद्र व ग्रह पाहता येतात.

प्रवेश करताच एक मोठा लंबक झुलताना दिसतो. त्याचा पितळी गोळा २४० पौंडांचा आहे. भोवती मांडलेल्या खुंट्या तो एकामागून एक पाडतो. वस्तुतः लंबकाची झुलण्याची दिशा कायम असते; फिरते ती त्याखालील पृथ्वी. खुंटी पडण्याची वाट पाहत मुले खोळंबून राहतात आणि त्या खेळातच पृथ्वीचे परिवलन त्यांस प्रत्यक्ष दिसते. मौजेतून जिज्ञासा उपजते ती अशी.

ही दृष्टी आपल्या शाळेत आणण्यास वेधशाळा लागत नाही. हिवाळ्यात अंगणात एक सरळ काठी उभी रोवावी. अकरा ते दोन या वेळात दर दहा मिनिटांनी सावलीचे टोक खुणावावे. सर्वांत आखूड सावली दक्षिणोत्तर दिशा दाखविते. ती बहुधा घड्याळात बारा वाजून गेल्यावर पडते. कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि महाराष्ट्र त्याच्या पश्चिमेस आहे. रात्री कृत्तिका पुंजातील तारे मुलांकडून मोजून घ्यावेत. शहरी दिव्यांच्या उजेडात मंद तारे लोपतात. गावाच्या अंधाऱ्या आकाशात ते अद्याप दिसतात.

सहलीस निघण्यापूर्वी प्रत्येक मुलास एकच प्रश्न द्यावा व परतल्यावर त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. सूर्याकडे मात्र उघड्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून कदापि पाहू देऊ नये.