जुनी गाडी घेताना: ऐकीव सल्ले आणि खरा हिशेब

घरात दुसरं मूल आलं किंवा गावाकडून आई-बाबा कायमचे राहायला आले, की दुचाकीवर भागत नाही आणि छोटी हॅचबॅकही अपुरी पडते. नव्या मोठ्या गाडीचा हप्ता झेपणारा नसतो, म्हणून जुनी गाडी बघायचं ठरतं. मग चारही बाजूंनी सल्ले येतात. बहुतेक सल्ले किंमत, ॲव्हरेज आणि रनिंग यांच्याभोवतीच फिरतात. माझं मत वेगळं आहे. घरची माणसं गाडीत नीट बसतात का आणि गाडीचे कागद स्वच्छ आहेत का, हे आधी पाहावं. किमतीची घासाघीस करता येते. मात्र या दोन गोष्टी चुकल्या, तर पुढे पैसे ओतूनही त्या सहसा सुधारत नाहीत.

“जुनी म्हणजे नव्यापेक्षा स्वस्तच”

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यावरून सरळ १८ टक्क्यांवर आला. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी या गटात येते. विकणारा मात्र अजूनही “मी साडेआठ लाखांना घेतली होती” इथूनच बोलायला सुरुवात करतो. त्याने काय मोजले याच्याशी तुम्हाला कर्तव्य नाही. तेच मॉडेल आज ऑन-रोड कितीला पडतं, ते शोरूममधून लिहून आणा आणि मगच भाव बोला. शिवाय जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा जास्त असतो. दोन-तीन वर्षं जुनी गाडी कर्जाने घ्यायची असेल, तर दोन्ही हप्ते शेजारी-शेजारी मांडून पाहा. कधीकधी फरक इतका थोडा निघतो की नवी घेणंच शहाणपणाचं ठरतं. माझ्या मते खरी बचत चार ते सात वर्षं जुन्या गाडीत आहे.

जीएसटीवरून आणखी एक घोळ आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर “जुन्या गाडीवर आता १८ टक्के कर” अशी हाकाटी झाली. तो कर नोंदणीकृत व्यापाऱ्याला लागतो, आणि तोही पूर्ण किमतीवर नव्हे, तर त्याच्या नफ्याच्या रकमेवर. शेजाऱ्याची घरगुती गाडी तुम्ही थेट घेतलीत, तर त्या व्यवहारावर जीएसटी नाही. कुणी एजंट पूर्ण किमतीवर १८ टक्के जोडून सांगू लागला, तर त्याला तिथेच थांबवा.

“सात सीटची घ्या, प्रश्नच मिटला”

वाढत्या कुटुंबाला सगळ्यात जास्त भुलवणारा सल्ला हाच. सात सीटची ट्रायबर चार मीटरच्या आत बसते, पार्किंगला सोपी आहे, किंमतही आवाक्यात आहे. पण सातही सीट उभ्या असताना तिची डिकी उरते ८४ लिटर. एवढ्या जागेत दोन शाळेची दप्तरं आणि भाजीची पिशवी मावेल, गणपतीला गावी निघालेल्या सात माणसांचं सामान मावणार नाही. अर्टिगाची डिकी तिसरी रांग उभी असताना २०९ लिटर भरते, मात्र गाडीची लांबी जवळपास ४.४ मीटर आहे. तुमच्या सोसायटीतली खांबामधली जागा आधी टेपने मोजा. अर्टिगा सीएनजी असेल, तर त्याच डिकीत ६० लिटरची टाकी बसलेली असते.

याउलट, नेहमीची माणसं चार आणि गावी जाताना सामान भरपूर, असं घर असेल तर जुनी सेडान जास्त उपयोगी पडते. अमेझची डिकी ४२० लिटरची आहे. आजी-आजोबांचे गुडघे दुखत असतील, तर वॅगन आरसारखी उंच गाडी उत्तम. तिच्यात वाकून शिरावं लागत नाही आणि उठताना कुणाच्या हाताचा आधार लागत नाही. सात सीटच्या गाडीत तिसऱ्या रांगेत रोज बसणार कोण, याचं उत्तर घरात आधी ठरवा. मोठं माणूस तिथे गुडघे छातीशी घेऊन बसतं. लहान मुलं तिथे खुशीने बसतात, पण बाळाला तिथे एकटं बसवता येत नाही.

बाळाच्या सीटकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं आणि मला ते मनापासून खटकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणे १४ वर्षांखालचं मूल सीटबेल्टने किंवा मुलांसाठीच्या खास सीटने बांधलेलं नसेल, तर १,००० रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, आईच्या मांडीवर पुढे बसलेलं बाळ अपघातात आईच्या हातात राहत नाही. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही लावू नका. एअरबॅगचा तडाखा थेट बाळाच्या डोक्यामागे बसतो. म्हणून गाडी बघायला जाताना बाळाची सीट सोबत न्या. मागच्या दोन्ही बाजूंना लावून बघा, बेल्ट पुरतो का, ती अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या आहेत का, आणि सीट लावल्यावर पुढचं माणूस नीट बसू शकतं का. त्या सीटच्या बाजूला आजीला बसवून पाहिलंत, तर गाडी पुरते की नाही ते लगेच कळेल.

“एअरबॅग फक्त टॉप मॉडेलला असतात”

पूर्वी ते खरं होतं. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस आणि १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग नव्या मॉडेलना एप्रिल २०२१ पासून आणि जुन्या मॉडेलना ३१ डिसेंबर २०२१ पासून बंधनकारक झाली. म्हणजे २०२२ मध्ये तयार झालेल्या साध्यातल्या साध्या गाडीलाही पुढे दोन एअरबॅग आहेत. २०१८ चं टॉप मॉडेल आणि २०२२ चं बेस मॉडेल एकाच भावात मिळत असेल, तर कुटुंबासाठी मी दुसरं घेईन. इथे पासिंगचं वर्ष न बघता आरसीवरचा बनावटीचा महिना आणि वर्ष बघा.

एअरबॅग जागेवर आहे का, याची एक सोपी खूण आहे. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. तो लागतच नसेल, तर एअरबॅग आधी फुटली आहे आणि दिवा दाबून ठेवला आहे, अशी शंका घ्यावी.

“ॲव्हरेज हेच सगळं”

जाहिरातीतला ॲव्हरेजचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. ‘एआरएआय’चं प्रमाणपत्र म्हणून जो आकडा आपण ऐकतो, ती संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे, आणि टेकडी उतरून कर्वे रस्त्यावर आलं की तो आकडा मिळत नाही. तरीही मुख्य चूक याहून वेगळी आहे. लोक ॲव्हरेज बघतात, वर्षाचं रनिंग बघत नाहीत.

हिशेब करू. एक गाडी लिटरला १५ किलोमीटर देते, दुसरी २०. वर्षाला १२,००० किलोमीटर चाललात, तर पहिलीला ८०० लिटर लागतील, दुसरीला ६००. पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर फरक वर्षाला २१,००० रुपयांचा. वर्षाला ६,००० किलोमीटरच होत असतील, तर साडेदहा हजारांचा. शाळा, बाजार आणि महिन्यातून एकदा सासरवाडी इतकंच फिरणाऱ्या घराने जास्त ॲव्हरेजसाठी लाखभर रुपये जादा मोजले, तर ते वसूल व्हायला नऊ-दहा वर्षं लागतील.

डिझेलचं तर याहून कठीण. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना धूर गाळणारी डीपीएफ नावाची जाळी असते. तीत साठलेली काजळी जळायला गाडी हायवेवर बराच वेळ धावावी लागते. रोज चार किलोमीटरवरच्या शाळेच्या फेऱ्यांत ती साचत जाते, आणि जाळी बदलायची वेळ आली की वाचवलेले सगळे पैसे त्यात जातात. सीएनजी घेणार असाल, तर टाकीवरची पट्टी वाचा. तिची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते. किट बाहेरून बसवलेलं असेल, तर ते आरसीवर आणि विम्यावरही चढलेलं हवं.

“रनिंग कमी, म्हणजे गाडी चकाचक”

डिजिटल मीटरही मागे घेता येतो. म्हणून मीटरवर विसंबू नका, टायर बघा. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे असतात. ‘३२२१’ म्हणजे तो २०२१ च्या ३२ व्या आठवड्यात बनला. २०२१ ची गाडी, मीटरवर १८,००० किलोमीटर आणि चारही टायर २०२४ चे असतील, तर ते का बदलावे लागले हे विचारा. टायर एरवी त्याच्या दुप्पट सहज चालतात. ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टीअरिंगची झिजलेली कड, चालकाच्या सीटची चढताना घासणारी बाजू, सगळं बारकाईने बघा. गाडीचा नंबर सांगून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली नोंद काढायला मालकालाच सांगा. खरोखर कमी चाललेली गाडीही वर्षानुवर्षं उन्हात उभी असेल, तर रबर, बॅटरी आणि टायर म्हातारे झालेलेच असतात. नियमित हायवेवर ७०,००० चाललेली गाडी मला त्यापेक्षा पसंत पडेल.

पुरात बुडालेली गाडी हा महाराष्ट्रात खरा धोका आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडमध्ये पाण्याखाली गेलेल्या गाड्या आठवा. अशी गाडी दुरुस्त होऊन कुठल्याही शहरात विकली जाऊ शकते. पॉलिश, नवे सीटकव्हर आणि सुवासाची डबी यांनी वरवरचं झाकलं जातं. मागच्या सीटचा बेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. शेवटच्या वीतभर भागावर मातकट डाग किंवा पाण्याची रेघ दिसली, तर दुसरी गाडी बघा. स्टेपनीच्या खळग्यातला चिखल आणि सीटच्या रुळांवरचा गंजही तीच गोष्ट सांगतात.

“दिल्लीची गाडी लाखभर कमी पडते”

दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आल्यानंतर तिकडून स्वस्त गाड्या येऊ लागल्या. पण तिथली एनओसी आणायची, महाराष्ट्राचा रस्ता कर नव्याने भरायचा, नंबर बदलून घ्यायचा आणि आरटीओच्या फेऱ्या मारायच्या. हे सगळं धरल्यावर उरलेला फरक किती, ते आधी काढा.

“टीटी फॉर्मवर सही झाली, गाडी आपली”

सही झाली, पैसे दिले, चावी मिळाली, तरी आरसीवर नाव चढेपर्यंत गाडी कायद्याने आधीच्या मालकाचीच. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केलं, की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या मालकावरच येते. म्हणून मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० दोघांनाही लागतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. व्यापाऱ्याकडून घेत असाल, तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत व्यापाऱ्यांसाठी वेगळी नोंद आहे.

विम्याचा गैरसमज जास्त महागात पडतो. “विमा वर्षभर आहे” असं विकणारा सांगतो, आणि थर्ड पार्टीपुरतं ते खरंही आहे. पण तुमच्या गाडीचं नुकसान झालं, तर भरपाईसाठी पॉलिसी तुमच्या नावावर हवी. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करा. नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही, तो आधीच्या मालकाकडेच राहतो. पाच वर्षं दावा न केलेल्याला ५० टक्के सूट मिळालेली असते, म्हणून तुमचा पुढचा हप्ता त्याच्यापेक्षा बराच जास्त येईल. तो खर्च आजच्या किमतीत धरा.

आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर कर्ज फेडल्याचं पत्र पुरत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो आरटीओत उतरवावा लागतो. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला, की बोजा, विम्याची मुदत आणि आतापर्यंतच्या मालकांची संख्या दिसते. थकलेली चलनं ई-चलनच्या संकेतस्थळावर कळतात. हे सगळं टोकन देण्याआधी घरबसल्या होतं. आरसीची प्रत टोकनशिवाय दाखवणार नाही असं विकणारा म्हणाला, तर गाडी कितीही आवडलेली असो, दुसरी बघायला घ्या.