खाजनाचा बांध कोणाचा?

गोव्यात मांडवी आणि जुवारीच्या काठची कित्येक खाजने, म्हणजे बांध घालून राखलेली खाडीकाठची शेते, भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. तरीही तिथे शतकानुशतके भात पिकले, कारण नदी आणि शेत यांच्यामध्ये चिखल, पेंढा आणि चिऱ्यांचा बांध होता आणि त्या बांधात मानस, म्हणजे पाण्याचे दार, होती. भरती चढली की पाण्याच्याच दाबाने मानशीच्या लाकडी झडपा मिटतात; ओहोटीला उघडतात आणि आत साचलेले पावसाचे पाणी नदीत उतरते. याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. बांधावरून नेमाने फेरी मारणारा माणूस मात्र लागतो. खेकड्याने पाडलेले भोक त्याच दिवशी दिसले तर पाटीभर चिखलाने बुजते. दिसले नाही तर काही भरत्यांत तिथेच खांड पडते.

1526 साली पोर्तुगिजांनी गावकऱ्यांच्या चालीरीती कागदावर उतरवल्या, त्याच्या फार आधीपासून ही राखण गावकरीकडे, म्हणजे गावाची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या संस्थेकडे होती. पैशाची तजवीजही गावातच होती. शेताचा खंड यायचा, मानशीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची आणि त्यातून डागडुजी निघायची.

गोवा मुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा आला आणि 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कूळ जमिनीचे मालक झाले. पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्यांना जमीन मिळाली, हा न्यायच होता. मात्र त्याबरोबर बांधाची जबाबदारी कुळांच्या संघांवर आली आणि तिथे घडी विस्कटली. शेतांचे तुकडे झाले, पोरे आखातात आणि बोटींवर गेली, भात परवडेनासा झाला. शेत पडीक असलेल्या मालकाने बांधासाठी वर्गणी का द्यावी? उलट मानशीची पावणी भातापेक्षा जास्त पैसा देऊ लागली. मग काही ठिकाणी झडपा मासळीच्या सोयीने उघडू लागल्या आणि खारे पाणी शेतात शिरले. खनिज वाहणाऱ्या बार्जांच्या लाटांनी बांधांचे पाय खाल्ले, ते वेगळेच.

कृषी खात्याचा मृदसंधारण विभाग बांध दुरुस्त करतो, पण अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा या वाटेने जाणारा पैसा मोठ्या खांडीसाठी असतो. खेकड्याच्या भोकासाठी निविदा निघत नाही. खांड तशीच राहिली तर शेतात खारफुटी उगवते. ती संरक्षित असल्याने ते शेत परत मिळवणे जवळपास अशक्य होते. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेने खाजनांचे नकाशे करायला, ती जपायला सांगितले. बांधावर चालणारा माणूस त्यातून मिळाला नाही.

मला वाटते, थोडा पैसा असला तरी बांध राखता येतो. मात्र तो पैसा दरवर्षी आणि वेळेवर यायला हवा. म्हणून संघांनी आणि पंचायतींनी एवढे ठरवावे: मानशीच्या पावणीतून पहिला हिस्सा बांधाला, आणि त्यातून राखणदाराला बारा महिने पगार. पुढच्या पावणीआधीच हा ठराव गावात मांडा.