शंकासुराचे बी उगवत का नाही?

शाळेच्या कुंपणाला शंकासुर असेल तर वाळलेल्या शेंगा तडकण्याआधीच काढा. तडकताना फाका पिळवटतात आणि बिया दूर उडतात. जपून ठेवलेल्या या बिया पेरल्या, तरी पुष्कळदा थोड्याच उगवतात. उरलेल्या मेल्या असे आपण समजतो. बहुधा त्या जिवंतच असतात. टरफलातील घट्ट पेशींचा थर पाणी आत शिरू देत नाही, इतकेच.

हे वर्गात पाहता येते. एकाच झुडपाच्या २० बिया घ्या. १० तशाच ठेवा. १० बियांचे टरफल पॉलिश पेपरवर एका बाजूला, आतला फिकट भाग दिसेपर्यंतच घासा. बी शेंगेला जोडलेले असते ते टोक मात्र घासू नका. मूळ तिथूनच फुटते. सगळ्या रात्रभर भिजवा. सकाळी घासलेल्या बिया फुगलेल्या दिसतील, न घासलेल्यांपैकी बऱ्याच होत्या तशाच. (बिया विषारी आहेत, मुलांना हात धुवायला लावा.)

निसर्गात हे टरफल ऊन-पावसाने सावकाश झिजते, एका बीचे यंदा तर दुसरीचे पुढल्या वर्षी. त्यामुळे पहिल्या पावसानंतर ओढ बसली तरी सगळीच रोपे एकदम जळत नाहीत. आपल्याला मात्र ती एकदम हवी असतात! तेव्हा न फुगलेल्या बिया फेकू नका. घासून पुन्हा भिजवा.